बारीक आवाज

आवाज आधी ताईच्या लक्षात आला. पुस्तकं खोक्यात रचता रचता तिने मान वर केली आणि म्हणाली, "धाकल्या, हे काय वाजतंय रे मघापासून?" तो खिडकीपाशी स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या काढत होता. "कुठे काय?" असं त्याने म्हटलं, आणि म्हणता म्हणताच त्याला तो ऐकू आला. टिक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टिक्. म्हणजे सकाळपासून तो आवाज त्याच्याही कानांवर पडत होता, त्याने तो फक्त आत घेतला नव्हता. गेली अठ्ठावीस वर्षं तो एका इस्पितळात लोकांचे कान तपासत होता. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून एकेक सूर सोडायचा, आणि ऐकू आला की आतल्या माणसाने हातातलं बटण दाबायचं. सूर कानावर पडणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं, हे त्याने आजवर किती लोकांना समजावलं असेल त्याची गणती नाही. आणि आता आई जाऊन अकरा दिवस झाल्यावर, तिच्या अर्ध्याअधिक रिकाम्या झालेल्या घरात, शिवणकाम शिकवणाऱ्या ताईने त्याच्या आधी आवाज पकडला होता. "घड्याळ असेल," तो म्हणाला. "घड्याळ मी कालच गुंडाळून ठेवलंय," ताई म्हणाली आणि पुन्हा पुस्तकांकडे वळली.

ताई हल्ली असंच करायची. काही विचारायची आणि उत्तराची वाट न बघता हातातल्या कामाकडे वळायची. अकरा दिवसांत ती नीट रडलीही नव्हती. आई गेली त्या दिवशी सकाळी दहाला दहा कमी असताना आईने तिला फोन केला होता. ताईचा क्लास चालू होता, सात-आठ बायका मशिनींवर बसलेल्या, मोबाईल खणात. तिने खण उघडून बघितलं, आईचं नाव बघितलं, आणि संध्याकाळी निवांत बोलू असं मनाशी म्हणून खण लावून टाकला. संध्याकाळी साडेआठला तिने उलटा फोन केला तेव्हा कुणी उचलला नाही. आई लवकर झोपायची आणि झोपेत तिला फोन ऐकू यायचा नाही, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंना आईचे कपडे रात्रभर दोरीवरच राहिलेले दिसले. त्यांनी वर येऊन दार वाजवलं, मग त्यांच्याकडच्या किल्लीने उघडलं. आई स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात पडलेली होती. मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं आणि बाहेर येऊन दोघांना सांगितलं, "पाच-दहा मिनिटांत सगळं संपलं असेल. फार त्रास झाला नसणार." त्या एका वाक्यावर सगळं घर तरलं होतं. ताई सोडून. ताईच्या डोक्यात दुसरंच वाक्य बसलं होतं, आणि ते ती येईल त्याला सांगत सुटली होती: "तिने मला हाक मारली होती हो. मी खण लावून घेतला."

त्याने स्टूल बाजूला ठेवलं आणि आवाजाच्या मागावर निघाला. बारीक आवाजाची एक खोड असते, तो नेमका कुठून येतो ते कळत नाही. तो जिथे उभं राहावं तिथूनच आल्यासारखा वाटतो. स्वयंपाकघरात गेला तर तो स्वयंपाकघरातून आला, न्हाणीघरात गेला तर न्हाणीघरातून. बोळात तो थांबला नाही, अकरा दिवसांत तिथे कुणीच थांबत नव्हतं, सगळे पाय उचलून पुढे जात. मग बाहेरच्या दाराशी आला आणि आवाज एकदम जवळ आला, कानाच्या पाळीशी कुणी नख वाजवावं तसा. दाराशेजारी, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, अलार्मची पांढरी पेटी होती. आकड्यांची बटणं, वर बोटभर रुंदीची हिरवट काच, काचेखाली तीन दिवे. हिरवा लागलेला. लाल विझलेला. पिवळा लागलेला. काचेवर काळ्या अक्षरांत 'सिस्टिम ट्रबल' असे दोन शब्द सरकत होते आणि त्यानंतर एक आकडा. टिक्, पेटी म्हणाली. सवयीने त्याच्या कानाने आवाजाची उंची मोजून टाकली. साडेतीन हजार हर्ट्झ, फार तर चार. आणि लगेच, त्याने बोलावलेलं नसताना, कानांच्या तपासणीचा एक आलेख डोळ्यांपुढे आला. सहा वर्षांपूर्वी आईला इस्पितळात बोलावून त्याने स्वतःच काढलेला. दोन हजारांपर्यंत रेष बरी, जरा खाली पण बरी, आणि पुढे कड्यावरून दगड सुटावा तशी सरळ दरीत. त्याने तेव्हा हसून म्हटलंही होतं, "आई, तुला आता पाखरं ऐकू येणार नाहीत." आई म्हणाली होती, "नकोच ती. पहाटे कटकट करतात." कानातलं यंत्र लावायला ती कधी तयार झाली नाही. आणि दोन वर्षांपूर्वी त्याने तिच्या दाराशी ही पेटी बसवली, जिची सगळी भाषा त्या दरीतली होती. हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या दऱ्या मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

पेटी बसवायच्या वेळी ताईशी वाजलं होतं. आई मागचं दार उघडं टाकून दिवसभर बाहेर राहिली, असं दोनदा झालं होतं. ताई म्हणत होती की आता पुरे, आईने माझ्याकडे यावं. आई म्हणत होती की जावयाच्या दारात मी पाय पसरून बसू का? आणि त्याच्याकडे न्यायचं तर त्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, जिने चढायचे. अशा वेळी घरात एखादी वस्तू आणली की सगळ्यांचं समाधान होतं. त्याने माहितीपत्रकं आणली, टेबलावर पसरली, दोन्ही दारांना उघडझाप टिपणारे डोळे, गळ्यात घालायचं बटण, सगळं थेट त्याच्या मोबाईलवर. "तिला माणूस हवंय, धाकल्या," ताई म्हणाली होती. "माणूस झोपतं, ताई. हे झोपत नाही," तो म्हणाला होता. या उत्तरावर तो स्वतःच खूश झाला होता, हे त्याला आता दाराशी उभं राहून आठवलं. बायकोला घरी जाऊन त्याने ते वाक्य पुन्हा ऐकवलंही होतं.

पेटीखालच्या खणात माहितीपुस्तिका होती. ताई दुसऱ्या खोलीत चिकटपट्टी फाडत होती, तिचा चर्र असा आवाज येत होता. त्याने पुस्तिका उघडली तर पहिल्याच पानावर आईचं अक्षर. शिसपेन्सिलीने, बारीक, एकाखाली एक. 'हिरवा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे बंदोबस्त चालू. एकदा वाजलं तर दार उघडलं. सारखं वाजलं तर आकडे दाबणे, घाबरू नये.' घाबरू नये याखाली दोन रेघा. त्याचंही कारण होतं. पहिल्याच महिन्यात तिने आकडे चुकवले आणि भोंगा सुरू झाला. तो पंधरा मिनिटं थांबेना, इमारतीतली झाडून सगळी माणसं जिन्यावर आली, कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्या माणसांच्या हाती अशी खेळणी देऊ नयेत. आई त्या दिवशी मोबाईलवर रडली होती, लाजेने. दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीला फोन करून सांगितलं की भोंगा बंद करा, गळ्यातलं बटण दाबलं तरी घरात आवाज नको, नुसता निरोप माझ्याकडे येऊ दे. पलीकडच्या माणसाने दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, तो म्हणाला. आईच्या यादीतली शेवटची ओळ जरा खाली, वेगळी लिहिलेली होती. 'पिवळा म्हणजे धाकट्याला विचारणे.'

आणि तिने विचारलं होतं. हे आठवायला त्याला काही प्रयत्न करावा लागला नाही, ते जणू वाटच बघत होतं. दुपारची वेळ, दोन तपासण्यांच्या मधली पाच मिनिटं, एका हातात चहाचा कप. "अरे, त्या पेटीवर पिवळा दिवा लागलाय." "शेजारचा हिरवा आहे ना?" "आहे." "मग झालं तर. असू दे." "असू दे?" "असू दे गं. मी आलो की बघतो." "बरं. जेवलास का?" त्यानंतर तो दोनदा आईकडे जाऊन आला होता. दारातून आत गेला, दारातून बाहेर आला. पिवळा दिवा त्याच्या खांद्याशी होता आणि पेटी दर मिनिटाला त्याच्याशी बोलत होती.

"सापडलं का?" ताईने आतून विचारलं.

"हो. हे अलार्मचं. बॅटरी गेली असेल."

"मग बंद कर ना. डोकं उठलंय."

त्याला बंद करता येईना. पुस्तिकेत ट्रबलच्या आकड्यांचा तक्ता होता, पण अक्षरं डोळ्यांपुढे ठरेनात. त्याने कंपनीला फोन लावला. दुपारी माणूस पाठवतो म्हणाले. ताई बाराच्या सुमारास पुस्तकांची दोन खोकी घेऊन तिच्या घरी गेली, आणि तो आईच्या खुर्चीत बसून राहिला. टिक् झाल्यावर पुढच्या टिक्पर्यंत किती वेळ जातो ते तो मोजू लागला. एकोणपन्नास सेकंद. असे दिवसाला सतराशेच्या वर होतात. मग त्याने मोजणं सोडून दिलं, कारण हिशेब पुढे कुठे जाणार ते त्याला दिसू लागलं होतं.

कंपनीकडून एक बाई आली. पन्नाशीची, भरलेल्या अंगाची, हातात अवजारांची पेटी, सर्दीने नाक लाल झालेलं. तिने दारातच चपला काढल्या आणि चहा घेणार का असं त्याने विचारायच्या आत "घेईन, साखर कमी" असं सांगून मोकळी झाली. चहाचं सामान सगळं बांधून झालेलं होतं. "राहू द्या मग," ती म्हणाली, "घर बदलताय वाटतं." तो नुसता हं म्हणाला. तिने पेटीवर चार आकडे दाबले, काचेवरची अक्षरं बदलली, आणि ती रोग्याची नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी काचेवर वाकली. "बॅटरी चांगलीये हो. ही ओरडतीये ते वेगळ्याच कारणाने. हिचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलाय. इंटरनेटचा डबा बदलला का तुम्ही मध्ये?"

बदलला होता. त्याच्या मुलीला आजीशी व्हिडिओवर बोलायचं असायचं आणि चित्र सारखं अडकायचं, म्हणून त्याने स्वतः नवा डबा आणून लावला. मुलीला फोन लावून बघितला. चित्र लख्ख आलं. आजी-नात एकमेकींना बघून हसल्या. त्याला घाई होती, तो निघून आला.

"गेल्या महिन्याच्या चार तारखेला," बाई काचेवर वाचत म्हणाली. "दुपारी तीन बारा. तेव्हापासून संपर्क नाही. नव्या डब्याचा पासवर्ड हिला कुणी सांगितलाच नाही. म्हणून पिवळा दिवा, म्हणून हे टिक्-टिक्. तुमच्या मोबाईलवरही निरोप आला असणार की पेटी सापडत नाहीये म्हणून."

त्याचे निरोप बंद होते. मागचं दार दिवसातून वीस वेळा उघडायचं, तितक्या वेळा मोबाईल खिशात थरथरायचा, आणि तपासणीच्या खोलीत इतकीही थरथर चालत नाही. म्हणून त्याने महिन्याभरातच ते बंद करून टाकले. फक्त गळ्यातल्या बटणाचा तेवढा चालू ठेवला, मोठ्या आवाजाचा. तो कधी आला नाही. आला नाही याचा अर्थ त्याने असा घेतला होता की आई ठणठणीत आहे. महिनोन्‌महिने त्याने त्या शांततेवर डोकं ठेवून झोप काढली होती. पण त्याच्या धंद्यात असं कधी चालत नाही. आतल्या माणसाने बटण दाबलं नाही, तर त्याला ऐकू आलं नाही असं लगेच लिहायचं नसतं. आधी तार तपासायची असते. नव्याने शिकायला येणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

"मागचं सगळं दिसतं का यात?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"शेवटच्या पाचशे नोंदी राहतात. का? चोरीबिरी झाली का?"

"पंचवीस तारीख बघा."

ती बाणाचं बटण दाबत मागे जाऊ लागली. काचेवर ओळी वर सरकत होत्या. ती पुटपुटत वाचत होती, किराणा दुकानात यादी वाचावी तशा आवाजात. "पंचवीस... पंचवीस... ही बघा. दहा एकतीस, मागचं दार उघडलं. दहा अडतीस, बंद झालं. मग... अकरा बेचाळीस, गळ्यातलं बटण. निरोप गेला नाही. अकरा एक्कावन्न, बटण. गेला नाही. बारा वीस, बटण..." इथे तिचा आवाज बदलला. तिने मान वळवून खोलीकडे बघितलं, खोक्यांकडे, भिंतीवरून उतरवलेल्या तसबिरींच्या चौकोनी खुणांकडे, मग त्याच्याकडे. "साहेब, तुम्ही बसता का जरा?"

"वाचा," तो म्हणाला.

"कोण होतं घरात?"

"वाचा हो बाई."

तिने वाचलं. एक पाच. दोन चाळीस. चार पंचवीस. पाच दहा. त्यानंतर त्या तारखेला काही नव्हतं. पुढची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळची होती, बाहेरचं दार उघडल्याची. बाईने नाक पुसलं आणि रुमाल हातातच धरून ठेवला.

तो बसला नाही. त्याला आश्चर्य वाटत होतं ते स्वतःच्या डोक्याचं, जे या वेळीही आपली नेहमीची कामं करत होतं. पंचवीस तारखेला अकरा बेचाळीसला आपण कुठे होतो हे ते शोधत होतं, आणि त्याने ते शोधूनही काढलं. कारखान्यात ठोकणीच्या मशीनवर काम करणारा एक माणूस काचेच्या खोलीत बसला होता. भला थोरला, गोंधळलेला. बटण दाबायला कचरत होता, चुकेल म्हणून. त्याने माईकवरून त्याला समजावलं होतं, "आवाज कितीही बारीक असला तरी दाबा. नुसती शंका आली तरी दाबा. मी इथे बसलोच आहे." आणि मग डोकं आईकडे गेलं. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत आई काय करत असेल ते त्याला नको इतकं स्पष्ट दिसलं. कुणाच्या दाराची घंटा तिने कधी दोनदा वाजवली नव्हती. एकदा वाजवायची आणि पदर सावरून उभी राहायची, आतल्या माणसाला हातातलं काम टाकायला वेळ नको का? म्हणायची. तिला ठाऊक होतं की तो तपासणीत असतो. तिने पहिल्यांदा दाबलं आणि तो हातातली तपासणी संपवेल, कोट चढवेल, बस पकडेल, इतका वेळ मनाशी धरून ती थांबली. नऊ मिनिटांनी तिला वाटलं असेल, ऐकू गेलं नसावं. मग अर्धा तास. मग पाऊण. मग दीड तास, आणि पुन्हा तितकाच. रागावून माणूस भराभर दाबतं, घाबरून त्याहून भराभर. हे थांबत थांबत दाबणं होतं, त्याला त्रास न देता बोलावणं. तिने हाकाही मारल्या असतील, पण दुपारी त्या इमारतीत असतं कोण? भोंगा असता तर काकू खालून धावत आल्या असत्या. काकू सबंध दिवस घरीच होत्या.

"आवाज बंद करून ठेवला होता कुणीतरी," बाई हलक्याने म्हणाली. "नाहीतर शेजारपाजारी..." आणि मग तिला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिने वाक्य पुरं केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्याकडे असं होतं कधी कधी. लोकांना वाटतं हिरवा आहे ना, मग झालं. हिरवा नुसता एवढंच सांगतो की वीज आहे." आणखी थोड्या वेळाने, कामाच्या आवाजात, "काढून नेऊ का ही? काढली की यातलं सगळं पुसलं जातं हं. जुनं मॉडेल आहे, आत काही उरत नाही. हवं असेल तर मी लिहून देते आधी."

"काढा," तो म्हणाला.

तिने चार स्क्रू काढले. वायर ओढली, मग बॅटरीची. काच काळी झाली. भिंतीवर चार भोकं आणि मूळ रंगाचा एक चौकोन उरला. बाई चपला घालताना थांबली, काही बोलावं की नाही याचा विचार करत. शेवटी म्हणाली, "माझीही आई एकटीच असते," आणि जिना उतरून गेली. घरात आता खरोखरच कसला आवाज नव्हता, आणि त्याला ते सहन होईना.

संध्याकाळी ताईने फोनवर विचारलं, "काय झालं होतं रे त्याला?" "बॅटरीच," तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. पुसलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलावं लागत नाही, नुसतं बोलायचं राहून जातं. रात्री जेवताना बायकोने तुझा चेहरा असा का म्हणून विचारलं, तेव्हा तो दमलोय म्हणाला. तो स्वतःला समजावत होता आणि ते समजावणं काही अगदीच पोकळ नव्हतं. ताईला सांगून मिळणार काय? डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटं म्हटलं होतं, त्याचे साडेपाच तास होतील. आत्ता ती आईला शांत मेलेली बघते, मग बोळात पडलेली बघेल, पाचपर्यंत, रोज. हे तिच्या ओंजळीत घालणं म्हणजे आपलं ओझं हलकं करायला तिचा खांदा वापरणं. हे सगळं बरोबर होतं. फक्त या बरोबर असण्यात त्याला स्वतःला किती सोय होती, तेवढं एक टोचत होतं. चपलेत खडा असावा आणि वाकून काढायची लाज वाटावी, तसं. इस्पितळात त्या आठवड्यात त्याने दोन तपासण्या चुकवल्या. लोक बटण दाबत आणि तो सूर पुढे सरकवायचंच विसरे, दिवा लागलेला बघत बसे.

शुक्रवारी भाऊजींचा फोन आला. ताईचा नवरा हा मुळात कमी बोलणारा माणूस, फोन तर शब्दाला पैसे पडावेत तसा जपून वापरायचा. "जरा येऊन जा," ते म्हणाले. "ती पाच दिवस धड जेवलेली नाही. क्लास बंद केलाय. मोबाईल घेऊन बसते, तो आईंचा चुकलेला फोन आहे ना त्यावर, तेवढंच बघते. काल मला म्हणाली, ती पडली होती आणि मला बोलावत होती, मी खण लावला. मी म्हटलं, अगं पडलेलं माणूस फोनपर्यंत कसं जाईल? तर म्हणते, तुम्हाला काय माहीत? आता मला खरंच काय माहीत? तू सांग काहीतरी. तुझं ऐकते ती."

रविवारी दुपारी तो गेला. ताई शिवणाच्या खोलीत बसली होती. मशिनींवर कापडं झाकलेली, खिडकी बंद, फरशीवर कतरणांचा ढीग तसाच. तिची गालफडं आत गेली होती आणि केस विंचरलेले नव्हते. भाऊजी दाराशी उभे राहिले. त्याला वाटलं होतं की वाटेत काहीतरी सुचेल, पण काहीच सुचलं नव्हतं. तो समोरच्या स्टुलावर बसला.

ताई म्हणाली, "तू निदान ते मशीन तरी बसवलंस तिच्यासाठी. तुझा जीव तुटत होता तेवढा. मी काय केलं? साधा एक फोन उचलला नाही."

यावर गप्प बसणं त्याला जमलं असतं. अकरा आणि सात अशा अठरा दिवसांत त्याला बरंच काही जमलं होतं. पण ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं.

"ताई, तिने फोन केला तेव्हा ती पडलेली नव्हती," तो म्हणाला. "पडली ती नंतर. तुला फोन केल्यावर तिने मागचं दार उघडलं, कपडे वाळत घातले, दार लावून घेतलं. त्या पेटीत वेळेसकट होतं सगळं. अकरा बेचाळीसपर्यंत ती बरी होती."

"कोणत्या पेटीत?"

मग त्याने सांगितलं. पहिल्यापासून, इंटरनेटच्या डब्यापासून. पिवळा दिवा, चहाचा कप, असू दे गं. भोंगा कुणी बंद करायला लावला ते. कुठेही स्वतःची बाजू घ्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी मध्येच दोनदा 'मला काय माहीत' असं निघून गेलंच. ताईचा चेहरा हलला नाही. भाऊजी मात्र दारातून आत आले आणि एका झाकलेल्या मशिनीवर हात टेकून उभे राहिले.

"किती वेळा?" ताईने विचारलं.

एकदा, असं म्हणावं हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. एकदा म्हटलं असतं तर डॉक्टरांची पाच-दहा मिनिटं शाबूत राहिली असती. पेटी नव्हती, काच नव्हती. ती सर्दी झालेली बाई काही सांगायला येणार नव्हती.

"सात," तो म्हणाला.

"शेवटचं?"

"पाच वाजून दहा मिनिटांनी."

ताईने मोबाईल मांडीवरून उचलून मशिनीवर ठेवला. पालथा. मग बोटांनी मांडीवरची एक न दिसणारी सुरकुती सरळ करत राहिली, कापड कापायच्या आधी करतात तशी. "मग मला फोन कशाला केला असेल तिने?"

"माहीत नाही. सहज केला असेल."

"सहज," ताई म्हणाली. तिने तो शब्द तोंडात घोळवला. मग तिचा चेहरा एकदम फुटला आणि ती रडू लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून, अठरा दिवसांत पहिल्यांदा. तो उठून जवळ गेला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. नुसता धरला आणि बाजूला करून ठेवला, कुणाची तरी वस्तू परत करावी तसा.

"आता तू जा," ती म्हणाली.

"ताई..."

"जा म्हटलं ना. मला तुझं तोंड बघवत नाहीये. पुढे कधी बघवेल तर मी सांगेन. तू येऊ नकोस आपणहून."

भाऊजी त्याला दारापर्यंत सोडायला आले. त्याचे बूट घालून होईपर्यंत भाऊजी उभे राहिले आणि मग त्यांनी दार लावून घेतलं, आवाज होऊ न देता. रस्त्यावर ऊन होतं. सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. तो चालत चौकापर्यंत आला आणि तिथल्या कठड्यावर बसला. बस आली, थांबली, गेली. आपण रडू असं त्याला वाटत होतं, पण तसं काही झालं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, ऊन कठड्यावरून सरकून रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं. तेव्हा खिशात मोबाईल थरथरला. भाऊजींनी एकच शब्द लिहिला होता.

'जेवली.'